लष्करभरतीच्या व्हिडिओ गेममधील वास्तवता

तरुणांचे मन सैन्याकडे वळावे या हेतूने सैन्यदलांनी स्वतः तयार केलेल्या किंवा करवून घेतलेल्या व्हिडिओ गेममध्ये शस्त्रे, प्रशिक्षण, युद्धनियम आणि रणभूमी कितपत खरी उतरते, आणि सैनिकी जीवनातले काय गाळले जाते, याचा विचार या शीर्षकाखाली केला जातो.

या प्रकाराचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो १९८० च्या आसपास नेतात. त्या सुमारास अटारी कंपनीच्या ‘बॅटलझोन’ या रणगाड्यांच्या खेळाची एक आवृत्ती अमेरिकी लष्करातील ब्रॅडली चिलखती वाहनाच्या गोलंदाजांना सराव मिळावा म्हणून बनवण्यात आली. अन्य काही जण १९९६ मधील ‘मरीन डूम’, म्हणजे ‘डूम’ या खेळाची अमेरिकी मरीन दलाने सरावासाठी बदललेली आवृत्ती, पुढे करतात. मात्र हे दोन्ही खेळ आधीच गणवेशात असलेल्यांसाठी होते. घरी बसलेल्या मुलाला भरतीकडे आणणे हा निकष लावल्यास अमेरिकी लष्कराच्या ‘अमेरिकाज आर्मी’ला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक दिसते. त्याच्या कालनिश्चितीतही थोडा फरक आढळतो. १९९९ मध्ये अमेरिकी लष्कराचे भरतीचे उद्दिष्ट हुकले आणि वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीतील अर्थशास्त्रज्ञ अधिकारी केसी वॉर्डिन्स्की यांनी खेळाची कल्पना मांडली. म्हणून कोणी १९९९ हे वर्ष देतात. प्रत्यक्ष खेळ माँटरे येथील नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये तयार होऊन ४ जुलै २००२ रोजी विनामूल्य खुला झाला, आणि तीच तारीख सामान्यतः ग्राह्य धरावी. त्याची अधिकृत सेवा जवळजवळ दोन दशकांनी, म्हणजे ५ मे २०२२ रोजी, बंद करण्यात आली.

या खेळाची वास्तवता तपशिलांच्या अचूकतेत आहे. खेळाडूला प्रथम फोर्ट बेनिंग या लष्करी तळावरील नेमबाजीच्या मैदानावर एम-१६ रायफल हाताळावी लागते. श्वासाबरोबर नेम हलतो, उभ्यापेक्षा पालथे पडून झाडलेली गोळी अधिक नेमकी जाते, रायफल मध्येच अडकते. वैद्यकीय सैनिकाची भूमिका हवी असेल, तर वर्गात बसून प्रथमोपचाराची व्याख्याने ऐकावी लागतात आणि परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. स्वतःच्याच साथीदारांवर गोळ्या झाडणारा खेळाडू फोर्ट लेव्हनवर्थच्या तुरुंगाच्या कोठडीत जाऊन पडतो. याहून विचार करायला लावणारी रचना दोन संघांची आहे. प्रत्येक संघाला आपण अमेरिकी सैनिक आहोत असेच दिसते. समोरचा संघ, जो त्याच्या पडद्यावर अमेरिकीच असतो, इकडे शत्रूच्या पोशाखात आणि शत्रूच्या बंदुकीसह दिसतो. परिणामी शत्रूची बाजू कोणीच कधी खेळत नाही. शिवाय खेळ १३ वर्षांवरील मुलांसाठी असल्याने गोळी लागल्यावर लहानसा लाल ठिपका उडतो आणि सैनिक कोसळतो. छिन्न अवयव दिसत नाहीत. रायफलीचा बिघाड दाखवणारा खेळ शरीराची चिरफाड दाखवत नाही, ही निवड आहे, तांत्रिक अडचण नव्हे.

माध्यम-अभ्यासक अलेक्झांडर गॅलोवे यांनी २००४ मध्ये वास्तवाभास आणि वास्तववाद यांत भेद केला. दृश्य हुबेहूब असणे हा वास्तवाभास. खेळाडूच्या स्वतःच्या सामाजिक स्थितीशी खेळ जुळला, तरच तो वास्तववाद. या भेदावर आक्षेप घेण्यात आले असले, तरी भरतीच्या खेळांपुरता तो उपयुक्त ठरतो.

अन्यत्र लेबनॉनमध्ये हिजबुल्लाने २००३ मध्ये ‘स्पेशल फोर्स’ आणि चीनमध्ये सैन्याच्या सहभागाने २०११ मध्ये ‘ग्लोरियस मिशन’ हे खेळ काढले. भारतीय हवाई दलाने २०१४ मध्ये ‘गार्डियन्स ऑफ द स्काइज’ आणि जुलै २०१९ मध्ये ‘अ कट अबव्ह’ हे मोबाइल खेळ प्रसिद्ध केले.

कोल्हापूर परिसराला गॅलोवे यांची कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. येथील सैन्यभरती कार्यालयाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे व गोवा येतात. शहरात मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ वी प्रादेशिक सेना बटालियन आहे आणि या रेजिमेंटचे केंद्र जवळच बेळगावला आहे. शिरोळ तालुक्यातील एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे. हवाई दलाचे खेळ लढाऊ वैमानिकाची, म्हणजे अधिकाऱ्याची, भूमिका देतात. येथील भरती मेळाव्याला येणारी बहुसंख्य मुले मात्र जवान होण्यासाठी येतात, आणि २०२२ पासून ही भरती चार वर्षांच्या अग्निवीर सेवेसाठी असते. चार वर्षांनी सुमारे तीन-चतुर्थांश मुले परत येणार, हे या मुलांच्या घरी आधीच बोलले गेलेले असते. त्यांच्या भाषेत खरी परीक्षा म्हणजे ‘ग्राउंड’, अर्थात मैदानावरील शारीरिक चाचणी. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळाले तर ६० गुण, दहा ‘बीम’ (पुल-अप्स) काढले तर ४०, मग नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि झिगझॅग पट्टीवरून तोल सांभाळत चालणे. मोबाइलवर धावणे अंगठ्याने होते. येथे शेवटच्या फेरीत तोंड कोरडे पडते, पोटात कळ येते, आणि वेळ संपल्यावर आडवी धरलेली दोरी मागे राहिलेल्यांना तेथेच थांबवते.