‘किती राहिले?’ : सीमाभागातल्या बॅकलॉगची पूर्वपीठिका

बेळगावात निकाल लागला की घरात पहिला प्रश्न टक्क्यांचा नसतो, ‘किती राहिले?’ हा असतो. उत्तर ‘दोन’ असेल तर पुढचं सगळं विद्यापीठावर अवलंबून. इंजिनिअरिंगचा पोरगा आधी ‘इयर बॅक’ लागते का, म्हणजे पुढच्या वर्षाला जाणं अडतं का, ते बघतो, बी.कॉम.वाला राहिलेले विषय सोबत घेऊन पुढं जातो आणि ‘कॅरी ओव्हर’ म्हणून मोकळा होतो, आणि शिनोळीची हद्द ओलांडून चंदगड-गडहिंग्लजकडं शिकणारा याच प्रकाराला एटीकेटी म्हणतो. विषय राहण्याची, म्हणजे बॅकलॉगची, ही तीन नावं तीन वेगवेगळ्या नियमावल्यांतून आली. त्यातली सगळ्यात जुनी मुंबईची.

1857 साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठानं. विद्यार्थ्यानं कॉलेजात टर्म भरायची, ती मंजूर झाली की परीक्षेला बसायचं. नापास झाला तर पुन्हा परीक्षा, वर्गात पुन्हा बसायची सक्ती नाही. टर्म एकदा भरली ती भरली. एटीकेटी (‘अलाउड टू कीप टर्म्स’) म्हणजे काही विषय राहिले तरी पुढची टर्म भरायची परवानगी, ती याच पद्धतीतून आली.

बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. लिंगराज कॉलेज 1933चं, राणी पार्वतीदेवी 1945चं. त्याआधी इथली पोरं धारवाडचं कर्नाटक कॉलेज, सांगलीचं विलिंग्डन नाहीतर कोल्हापूरचं राजाराम गाठत. 1949 साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झालं तेही मुंबई राज्याच्या कायद्यानं, आणि वर्षभरात ते धारवाडला गेलं. 1956च्या नोव्हेंबरात जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तोवर इथल्या कॉलेजांच्या हाडीमाशी मुंबईची पद्धत मुरलेली होती. राज्य बदललं तरी ‘पुन्हा बसणं’ म्हणजे पुन्हा परीक्षेला बसणं, हा अर्थ कायम राहिला.

दुसरी वाट अमेरिकेची. तिथं हिशोब वर्षाचा नव्हे, एकेका कोर्सचा, म्हणजे विषयाचा, आणि तो पार केल्यावर खात्यात जमा होणाऱ्या क्रेडिटचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजलेली ही पद्धत आपल्याकडं आयआयटींनी आणली. 1960च्या दशकात अमेरिकी विद्यापीठांच्या मदतीनं उभं राहिलेलं कानपूर त्यात पुढं होतं. कोर्स हेच माप झालं की नापास आणि अपूर्ण यांत फरक करावाच लागतो. तासांना हजर राहिलेला, अंतर्गत परीक्षा दिलेला मुलगा ऐन परीक्षेत तापानं फणफणला, तर त्याला ‘एफ’ का द्यायचा? त्याच्यासाठी ‘आय’, म्हणजे अपूर्ण.

बेळगावात हे पोचायला फार वेळ लागला, आणि पोचलं तेही मोजक्यांपर्यंत. 1998 साली विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ बेळगावात आलं, मच्छेला त्याचा पसारा उभा राहिला आणि राज्यभरातली इंजिनिअरिंग कॉलेजं एका छत्राखाली आली. 2015च्या अभ्यासक्रमापासून तिथं क्रेडिट पद्धत लागू झाली. हजेरी 85 टक्के हवी, सबळ कारण असेल तर थोडी माफी. अंतर्गत मूल्यमापनात उत्तीर्ण झाल्याशिवाय सेमिस्टरची परीक्षा देता येत नाही. तिथं अडकलं की मार्क्स कार्डावर ‘एनई’ (‘नॉट एलिजिबल’, म्हणजे परीक्षेला अपात्र) येतं आणि तो कोर्स पुन्हा शिकवला जाईल तेव्हा नव्यानं करावा लागतो. मुंबईच्या जुन्या पद्धतीत हे बसत नव्हतं. ‘एफ’वाल्याला नुसती परीक्षा द्यावी लागते, ‘एनई’वाल्याला वर्गात बसावं लागतं. पालकांना हे समजावताना आजही पोरांच्या नाकी नऊ येतात. 2017 साली विद्यार्थी ‘इयर बॅक’विरुद्ध रस्त्यावर उतरले, त्यामागंही जुन्या-नव्या नियमांचं हेच त्रांगडं होतं.

याच विद्यापीठाखालच्या काही स्वायत्त कॉलेजांत मात्र अक्षरं वाढली. आजारपण, अपघात किंवा घरातल्या संकटामुळं परीक्षा हुकली तर ‘आय’. अंतर्गत गुण नव्वद टक्क्यांच्या घरात आणि शेवटच्या परीक्षेत मात्र दांडी गुल, तर ‘एक्स’. (वर्गातला हुशार ऐनवेळी गडबडला तर त्याची इज्जत राखणारी ही सोय मला फार माणुसकीची वाटते.) कोर्स मधेच सोडला तर ‘डब्ल्यू’. ‘आय’ आणि ‘एक्स’वाल्यांना मेकअप परीक्षा, म्हणजे फेरपरीक्षा, मिळते, वर्ष जात नाही.

पदवी कॉलेजांच्या वाट्याला यातलं फारसं आलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं क्रेडिट पद्धतीसाठी देशभर सुचवलेल्या श्रेणींत ‘ओ’पासून ‘एफ’पर्यंत अक्षरं आहेत, शेवटी गैरहजेरीचं ‘एबी’ आहे, पण ‘आय’ नाही. ‘एफ’ आणि ‘एबी’ दोन्हीचे गुणांक शून्य. म्हणजे दवाखान्यात सलाइन लावून पडलेली खानापूरची मुलगी आणि परीक्षा बुडवून गोव्याला गेलेला पोरगा कागदावर सारखेच. मला यात सरळ अन्याय दिसतो.

2010 साली भूतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ सुरू झालं आणि जिल्ह्यातली पदवी कॉलेजं धारवाडकडून तिकडं गेली. पण खरा घोळ त्यानंतरचा. 2021मध्ये कर्नाटकानं नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू केलं आणि चार वर्षांच्या पदवीची सोय आली. सरकार बदललं, सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्य धोरणासाठी आयोग नेमला गेला आणि 2024पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी. चारच वर्षांत पाठोपाठच्या तुकड्यांचे अभ्यासक्रम तीन तऱ्हांचे झाले. नियमित विद्यार्थ्याला याची फारशी झळ नाही, झळ रिपीटरला, म्हणजे राहिलेला विषय पुन्हा देणाऱ्याला. त्याचा विषय ज्या अभ्यासक्रमातला, तो वर्गात आता कुणी शिकवत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका गोळा करायच्या, सीनियरच्या नोट्स मागायच्या, आणि आपल्या अभ्यासक्रमाचा पेपर किती वेळा निघणार याची सूचना फलकावर शोधायची.

हद्द ओलांडणाऱ्याचं आणखी वेगळं. शिवाजी विद्यापीठ 1962चं, सीमाभागातल्या मराठी मुलांचा ओढा तिकडं आहेच. 2021च्या नियमांनी आलेल्या अकॅडमिक बँकेत, म्हणजे क्रेडिट साठवायच्या खात्यात, मिळवलेलं क्रेडिट सात वर्षांपर्यंत राहतं, ते दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं. राहिलेला विषय तिथं जमा होत नाही. त्यामुळं बेळगावात दोन वर्षं काढून कोल्हापूरला जाऊ म्हणणाऱ्यानं मायग्रेशन आणि एलिजिबिलिटीच्या अर्जाआधी इथले राहिलेले पेपर काढून घेतलेले बरे.