वायर काढली म्हणून बंदी उठत नाही

सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉम्प्युटर लॅबमध्ये परवाही तेच ऐकलं: "सर्व्हरवरून कंट्रोल पॅनेल बंद केलंय ना? नेटवर्कची वायर काढ, उघडतंय बघ." नाही उघडत. विंडोज 2000 पासून आलेली ग्रुप पॉलिसी, म्हणजे नेटवर्कमधल्या पीसींना एकत्र लावलेले नियम, ठरते सर्व्हरवर, पण राबवतो समोरचा पीसी. नियम उतरवून घेऊन तो स्वतःच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, लिहून ठेवतो. पोरानं माझ्यासमोर वायर उपसली, पोर्टचा हिरवा दिवा विझला. कंट्रोल पॅनेलवर मात्र बंदीचा तोच संदेश.

उलट, वायर काढलेल्या पीसीला सवलतही कळत नाही! जोडलेला पीसी सहसा दर 90 ते 120 मिनिटांनी सर्व्हरला नवे नियम विचारतो. त्यामुळं बंदी उठवूनही फरक दिसेना, तर लॅब असिस्टंटवर चिडू नका. वायर जोडून त्या पीसीवर 'जीपीअपडेट' (gpupdate) ही नवे नियम लगेच मागवणारी कमांड चालवायला सांगा.