जुन्या घराचा मंजूर नकाशा शोधताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नागपुरातील महाल, इतवारी, सीताबर्डी, धंतोली किंवा धरमपेठेतील जुन्या घराची वाटणी, विक्री किंवा पुनर्बांधणी निघाली की वकील, बँक आणि वास्तुविशारद हे तिघेही मंजूर नकाशा मागतात. घरात करपावत्या सापडतात, विक्रीपत्रही सापडते. नकाशा मात्र बांधकामाच्या वेळी कंत्राटदाराकडे गेला तो परत आलाच नाही, असे आम्हांला बहुतेक कुटुंबांकडून ऐकायला मिळते. घरची प्रत हरवली तरी परवानगी देणाऱ्या कार्यालयाच्या अभिलेखात तिची जोडप्रत, किंवा निदान नोंदवहीतील ओळ, असण्याची शक्यता असते. ती शोधण्यासाठी आपल्याला मदत करणे आणि हाती आलेला नकाशा नीट वाचून देणे हे आमचे काम आहे.

शोध कोठे करायचा, हे घर कोणत्या साली आणि कोणत्या भागात बांधले गेले यावरून ठरते. नागपूरची नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली आणि मार्च १९५१ मध्ये तिच्या जागी महानगरपालिका आली. त्याआधीच, १९३६ च्या कायद्याने, नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला होता आणि त्याच्या योजनांतील भूखंडांची कागदपत्रे प्रन्यासाकडे जमा होत गेली. २००२ पासून शहराच्या मोठ्या भागाचे नियोजन महानगरपालिकेकडे आले, पण प्रन्यासाच्या काही योजना त्याच्याचकडे राहिल्या. त्यामुळे शेजारच्या घराची नस्ती (फाइल) महानगरपालिकेत मिळाली म्हणून आपलीही तेथेच असेल, असे गृहीत धरू नये. शहर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी असल्याने त्या काळच्या कागदांत इंग्रजी, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषा आढळतात, हेही ध्यानात ठेवावे.

‘५७२’ आणि ‘१९००’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत अभिन्यासांतील (ले-आउटमधील) भूखंडांची गोष्ट वेगळी आहे. तेथे मूळ परवानगीच नसण्याची शक्यता अधिक असते. म्हणून जुन्या नस्तीमागे वेळ न घालवता २००१ च्या गुंठेवारी कायद्याखालील नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे आपण ज्याला आर.एल. म्हणतो ते, आणि भरलेली डिमांड नोट (शुल्काचे मागणीपत्र) आधी शोधावी.

नस्ती हाती आली तर तिच्यात साधारणपणे मालकाचा अर्ज, मालकीचा पुरावा, स्थळपाहणीची टिपणी, अटींसह मंजुरीचे पत्र आणि नकाशा असतो. बहुतेकांचे लक्ष फक्त नकाशाकडे जाते. आमच्या मते मंजुरीपत्रातील अटी आणि टिपणीच्या कडेचे शेरे तितकेच महत्त्वाचे असतात, कारण समोर किती जागा मोकळी सोडायची, सामाईक भिंतीवर कोणाचा हक्क मानला गेला आणि सांडपाणी कोणत्या बाजूने काढायचे, हे पुष्कळदा तेथेच लिहिलेले असते.

नकाशा वाचताना घाई करू नये. जुने नकाशे ट्रेसिंग कापडावर किंवा अमोनिया प्रिंटवर असतात. घडीच्या रेघेवर कागद फाटलेला असतो आणि नेमके त्या रेघेवरचे माप पुसट झालेले असते. मापे फूट-इंचांत असतात. पुष्कळ नकाशांवर १ इंचाला ८ फूट हे प्रमाण दिसते. ४० बाय ६० चा भूखंड म्हणजे २४०० चौरस फूट, आजच्या हिशेबात सुमारे २२३ चौरस मीटर. नकाशावर पट्टी ठेवून माप काढणे मात्र कटाक्षाने टाळावे. कागद आकसतो, छायाप्रतीत प्रमाण बदलते, आणि १ इंचाला ८ फूट या प्रमाणात पट्टीवरची पाव इंचाची चूक प्रत्यक्षात २ फूट होते; म्हणून लिहिलेला आकडाच ग्राह्य धरावा. सहसा भूखंडाची हद्द जाड काळ्या रेषेने, प्रस्तावित काम लाल रंगाने आणि पाडायचे काम पिवळ्या रंगाने दाखवलेले असते. काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीत हा भेद नाहीसा होतो आणि पाडायची खोली कायम ठेवायची वाटू शकते. शक्य असेल तेथे रंगीत प्रतच मागावी, असा आमचा आग्रह असतो.

घरामागच्या सर्व्हिस गल्लीबद्दल मुद्दाम सांगावेसे वाटते. जुन्या अभिन्यासांत ही गल्ली सफाईसाठी ठेवलेली असे. पुढे तिचा तो उपयोग संपला आणि कोठे मोरी, कोठे स्वयंपाकघर मागे सरकत गेले. दोन्ही शेजाऱ्यांना आपली भिंत पहिल्यापासून तेथेच होती असे मनापासून वाटत असते. अशा वादात दोन्ही घरांचे मंजूर नकाशे शेजारी ठेवून पाहिले, तर गल्लीची लिहिलेली रुंदी बोलते आणि पुष्कळदा प्रकरण कोर्टात जाण्याआधीच बैठकीत मिटू शकते.

या कागदाची मर्यादाही स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. मंजूर नकाशा हा मालकीचा पुरावा नाही. त्यासाठी नगर भूमापन कार्यालयाची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), आणि जागा नझुलाची (सरकारी मालकीची) किंवा प्रन्यासाच्या भाडेपट्ट्याची असल्यास पट्ट्याची कागदपत्रे पाहावी लागतात. काय बांधायला मंजुरी मिळाली एवढेच नकाशा सांगतो, प्रत्यक्षात काय बांधले गेले ते नाही. भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत वापरण्याच्या परवानगीची, जागाही तो घेऊ शकत नाही.

शोधासाठी सर्वांत उपयोगी पडतो तो घराचा जुना क्रमांक. घर क्रमांक आणि वॉर्डांची नावे काळाच्या ओघात बदलली आहेत. आजच्या क्रमांकावरून जुन्या नोंदवहीत काहीच सापडत नाही. त्यामुळे मिळेल ती सर्वांत जुनी करपावती आणावी. मौजा (महसुली गाव), खसरा (जमिनीचा सर्व्हे) क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक, भूखंड क्रमांक आणि बांधकामाच्या वेळी ज्यांच्या नावाने घर होते त्यांचे पूर्ण नाव हवे. जुन्या कागदांत तेच आडनाव दोन-तीन प्रकारे लिहिलेले असू शकते, म्हणून सर्व प्रकार सांगावेत.

नकलेसाठी संबंधित विभागाकडे रीतसर अर्ज करता येतो. तेथे दाद लागली नाही तर २००५ च्या माहितीच्या अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. त्याचे उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. सरकारी अभिलेखांच्या वर्गवारीत 'अ' वर्ग कायम राहतो, 'ब' वर्ग ३० वर्षांनी आणि 'क' वर्ग त्याहून लवकर नष्ट होऊ शकतो, त्यामुळे नस्ती गेली तरी नोंदवही शिल्लक असू शकते. अभिलेख उपलब्ध नाही असे तोंडी सांगितले गेल्यास समाधान मानू नये, ते लेखी घ्यावे. अशा वेळी जुनी कर आकारणी नोंद, विक्रीपत्रातील चतुःसीमा आणि नगर भूमापनाचा नकाशा एकत्र जुळवून घराचे जुने स्वरूप बऱ्यापैकी सिद्ध करता येते.

जुन्या तारखेचा नकाशा तयार करून देतो, असे कोणी सांगितल्यास त्या वाटेला जाऊ नये. तो गुन्हा आहे, आणि अशा एका कागदामुळे पुढच्या पिढीचा खरा हक्कही संशयाच्या भोवऱ्यात सापडतो. आम्ही असे काम घेत नाही.

आमच्याकडे येताना मूळ कागद दाखवण्यापुरते आणावेत. आम्ही ते आपल्यासमोर पाहून छायाप्रती ठेवून घेतो आणि मूळ कागद त्याच वेळी आपल्या हाती परत देतो. शोधाचे शुल्क आधी लेखी कळवले जाते, आणि नस्ती न मिळाल्यास कोणकोणत्या नोंदवह्या पाहिल्या याचा लेखी अहवाल दिला जातो.