डाव संपल्यावरची शिकवणी

शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, सामन्यात हरणारा खेळाडू मान लववतो आणि स्वतःच्या तोंडाने सांगतो, 'माकेमाशिता', म्हणजे 'मी हरलो'. त्यानंतर लगेच कुणी उठत नाही. दोघे मिळून सोंगट्या मागे नेतात, डाव जिथे फिरला तिथवर पोहोचतात आणि बोलू लागतात: तुम्ही इथे ही चाल केली असती तर माझी पंचाईत झाली असती. याला 'कान्सोसेन' म्हणतात. कोरियात 'बादुक'चे, म्हणजे गो या खेळाचे, खेळाडू हेच करतात. त्यांचा शब्द 'बोक्गी', म्हणजे खेळलेला डाव पुन्हा मांडणं.

आपल्याकडे डाव संपला की पहिलं वाक्य येतं, 'चल, दुसरा मांड!' बैठे खेळ कुठे कसे शिकवतात हे समजून घ्यायचं असेल, तर हीच वेळ नीट पाहावी असं मला वाटतं.

बोक्गी ऐकायला सोपी, करायला अवघड. गोचा पट १९ × १९ रेघांचा, त्यावर ३६१ जागा. पट सुरुवातीला रिकामा असतो आणि सगळ्या सोंगट्या सारख्याच दिसतात, फक्त काळ्या किंवा पांढऱ्या. अशा दोनशेहून अधिक चाली क्रमाने आठवायच्या! मुरलेले खेळाडू ते सहज करतात, आणि त्यामागे काही अचाट स्मरणशक्ती नसते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंना खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली. पंचवीसेक मोहऱ्यांपैकी मास्टरने पहिल्या प्रयत्नात १६ च्या आसपास बरोबर मांडली, नवशिक्याने ४ च्या. मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली, तेव्हा मास्टरची ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. जाणत्याला सुटी मोहरी दिसत नाहीत, ओळखीचे पुंजके दिसतात. ज्युडिथ रीटमन यांनी १९७६ मध्ये गोच्या एका निष्णात खेळाडूवर असेच प्रयोग केले, तर त्याचे पुंजके एकमेकांत गुंतलेले निघाले: एकच सोंगटी दोन-तीन आकृत्यांत मोडत होती. डाव पुन्हा मांडताना खेळाडू 'ही सोंगटी इथे का?' या कारणांच्या साखळीवरून पुढे सरकतो. म्हणूनच बोक्गी ही आठवणीची परीक्षा आहे आणि समज वाढवणारी तालीमही.

ही तालीम घरात चाले. आपल्या गायकीत गुरुगृही राहून शिकत, तसंच. जपानमधल्या हिरात्सुका इथे गोचे गुरू मिनोरू कितानी यांच्या घरी मुलं राहत आणि मुख्यतः एकमेकांशी खेळत. जुन्या रीतीत गुरू स्वतः शिष्यासमोर क्वचितच खेळायला बसे. १९६२ मध्ये कोरियातून आलेला सहा वर्षांचा चो चिकुन, पुढे गोचा नामांकित खेळाडू, कितानी यांच्याच शिष्यांत वाढला. पुढे कोरियात गोचे अव्वल खेळाडू चो हुनह्युन यांनी ली चांगहो या मुलाला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि १९९० मध्ये, चौदाव्या वर्षी, या शिष्याने गुरूचाच एक किताब जिंकला. ती लढत चालू असतानाही दोघे एकाच छपराखाली राहत होते.

सोव्हिएत बुद्धिबळात हेच काम कागदावर होई. जगज्जेते मिखाईल बोत्विन्निक यांचा आग्रह असे की आपल्या डावांचं विश्लेषण लिहून काढा आणि छापा, म्हणजे चुका दुसरे दाखवतील. पुढे जगज्जेते झालेले कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह त्यांच्याच वर्गात शिकले. तिथे प्रतिस्पर्धी समोर बसलेला नसे. पूर्वेकडच्या रीतीत नेमका तोच पहिला शिक्षक, आणि मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपल्या कोणत्या चालीची भीती वाटली होती हे फक्त तोच सांगू शकतो.

मार्च २०१६ मध्ये सोलला कोरियाचे गोपटू ली सेदोल हे अल्फागो या गो खेळणाऱ्या संगणक-प्रणालीशी पाच डाव खेळले. समोर बसलेले आजा हुआंग फक्त यंत्राच्या चाली पटावर मांडत होते. त्या चालींमागचा विचार त्यांना विचारून उपयोग नव्हता. दुसरा डाव हरल्यावर ली यांनी सोबतच्या व्यावसायिक खेळाडूंना हॉटेलच्या खोलीत बोलावलं आणि पहाटेपर्यंत डाव पुन्हा पुन्हा मांडला. तिसरा डावही गेला. चौथा त्यांनी जिंकला.