वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे खाणेपिणे व दिनक्रम

जठर लहान करणाऱ्या किंवा अन्नाची वाट वळवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला जन्मभर सांभाळावी लागणारी जेवणाची, पाण्याची, गोळ्यांची आणि हालचालीची रीत. शस्त्रक्रिया कुठेही सारखीच होते, पण तिच्यानंतरचे ताट घराघरात वेगळे असते. म्हणून ही नोंद ठाणे व नवी मुंबईतील मराठी घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. ऑपरेशन काही तासांत आटोपते, टाके काही आठवड्यांत भरून येतात. घास किती घ्यायचा, पाणी कधी प्यायचे, ‘पुरे’ कधी म्हणायचे, हे मात्र नव्याने शिकावे लागते, आणि ते एकट्या रुग्णाने शिकून भागत नाही. वाढणाऱ्या हातालाही शिकावे लागते.

प्रकार व नावाचा घोळ

आपल्याकडे सर्वाधिक कानावर येणारे दोन शब्द म्हणजे ‘स्लीव्ह’ आणि ‘बायपास’. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. तिच्यात साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावते, म्हणजे जेवणातली एक लहान वाटी. काढलेल्या भागातच भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार होत असल्याने पहिले काही महिने भूक जवळजवळ लागत नाही. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. ही पद्धत १९६६ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी सुरू केली. रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये आणलेला ‘मिनी बायपास’ हा तिचाच सुटसुटीत अवतार. त्यात एकच जोड असतो.

मराठी घरात ‘बायपास झाली’ म्हटले की हृदयाची, असेच सगळे धरून चालतात. भेटायला आलेले नातेवाईक तसे समजले तर बिघडत नाही. पण दातांच्या दवाखान्यात किंवा अपघातानंतर तातडीच्या विभागात तोच समज झाला तर चुकीचे औषध पोटात जाऊ शकते. ‘पोटाची बायपास, वजनासाठी’ असे पूर्ण सांगावे, आणि तसा कागद पाकिटात ठेवावा.

पहिले आठवडे

रुग्णालयातून घरी येताना पोटाला पाण्याचा घोटही जड वाटतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचे झाकण असते, तेवढेच पाणी दहा-पंधरा मिनिटांत, ओठ ओले केल्यासारखे, सावकाश प्यायचे. पहिले एक-दोन दिवस फक्त नितळ पातळ पदार्थ. त्यानंतर सुमारे दोन आठवडे दूध, ताक, गाळलेले मुगाचे कढण, वरणाचे पाणी, चिकनचे गाळलेले सूप. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेले किंवा चमच्याने घोटलेले अन्न, पाचव्या-सहाव्यात मऊ अन्न, आणि साधारण दोन महिन्यांनी घरचे नेहमीचे जेवण, फक्त मापात. दर सर्जनचे वेळापत्रक थोडे वेगळे असते, आणि आपल्याला दिलेलेच पाळायचे. शेजारणीला दहाव्या दिवशी खिचडी चालली म्हणून आपल्यालाही चालेल असे नसते. आत टाक्यांची रेघ भरून येत असते, म्हणून ही घाई महागात पडते.

मराठी स्वयंपाकघर या काळासाठी फार सोयीचे आहे, आणि हे आवर्जून सांगायला हवे, कारण डाएटिशियनचा छापील कागद पाहून कित्येक घरांत परक्या वस्तूंची यादी घेऊन धावपळ सुरू होते. कढण, ताक, पातळ नाचणीचे आंबील, घोटलेले वरण, पुढे मऊ पिठले, मुगाचे धिरडे, उकडलेल्या अंड्याचा कुस्करा हे सगळे आजारपणाच्या पथ्यातून आपल्याला ठाऊकच आहे. फरक इतकाच की आजारपणात पेज आणि आसट भातावर भर असतो आणि इथे भाताला सर्वांत शेवटची जागा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत मऊ अन्नाचा टप्पा आला की ताज्या बोंबलाचे कमी तिखटाचे कालवण करतात. बोंबील जिभेवर विरघळतो आणि प्रथिनेही देतो. काटा मात्र काढूनच द्यावा.

घास, पाणी आणि ‘अडकणे’

नंतरच्या जेवणाचे मुख्य नियम दोनच. घास लहान आणि पूर्ण चावलेला. आणि जेवण व पाणी यांच्यात अर्ध्या तासाचे अंतर. पोळीचा एरवी घेतो त्याच्या चौथाई तुकडा, वीस-तीस वेळा चावून, तोंडात त्याची पेस्ट झाल्यावर गिळायचा. मग चमचा खाली ठेवायचा. वाटीभर जेवायला वीस ते तीस मिनिटे लागतात. आणि जेवणानंतर पाण्यासाठी थांबायचा अर्धा तास म्हणजे साधारण ठाण्याहून वाशीला लोकलने जायला लागणारा वेळ. घरून नाश्ता करून निघालेल्या माणसाने ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे असा सगळा पट्टा बाटली पिशवीतच ठेवून काढावा आणि वाशीला उतरून पहिला घोट घ्यावा, हे या भागातले सोपे घड्याळ आहे.

घाई झाली की अन्न ‘अडकते’. रुग्ण हाच शब्द वापरतात. छातीच्या मध्यभागी दगड ठेवल्यासारखे दुखते, तोंडात लाळेचा फेस येऊ लागतो, नाक वाहते, बोलणे थांबते. अशा वेळी वरून पाणी पिऊन ढकलू नये, त्याने त्रास वाढतो. उठून उभे राहावे, हळू चालावे; बहुधा ते खाली उतरते किंवा उलटून पडते. अडकण्यात पहिला नंबर पावाचा. ताजा मऊ पाव लाळेत भिजून कणकेसारखा गोळा होतो, म्हणून स्टेशनबाहेरचा वडापाव पहिले कित्येक महिने नकोच. त्याखालोखाल कोरडा शिळा भात आणि चिकनचा छातीचा सुका तुकडा. भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली तर मऊ पोळीपेक्षा अनेकांना सोसते.

बायपास झालेल्यांना, आणि कमी प्रमाणात स्लीव्ह झालेल्यांनाही, ‘डंपिंग’ होते. गोड पातळ पदार्थ जठरातून झपाट्याने आतड्यात उतरला की अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. आणि एक ते तीन तासांनी इन्सुलिन जास्त सुटून साखर खाली येते तेव्हा हातपाय कापणे, डोळ्यांपुढे अंधारी. उसाचा रस, श्रीखंड, जिलबी, गोड सरबते ही नेहमीची कारणे. सोड्याची थंड पेये गॅसमुळे टाळायची.

खाडीकाठच्या दमट हवेत पाण्याची कमतरता लवकर होते. दिवसाला दीड लिटर हे किमान उद्दिष्ट, पण एका दमात ग्लास पिता येत नसल्याने ते दिवसभर घोटाघोटाने भरावे लागते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये याकडे विशेष लक्ष हवे. लघवी गडद पिवळी झाली, उठताना चक्कर आली, तर पाणी कमी पडते आहे. पातळ ताक आणि साखर न घातलेले कोकमाचे आगळ-पाणी यासाठी उत्तम.

वाटीत प्रथिने आधी

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. ती न मिळाल्यास चरबीबरोबर स्नायूही झडतात. म्हणून खाण्याचा क्रम असा : आधी अंडे, मासळी, पनीर, दही किंवा घट्ट डाळ-उसळ, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भाकरी-भात. सहाव्या महिन्याच्या सुमारास एखाद्या मिश्राहारी माणसाचा दिवस असा जुळतो : सकाळी दोन अंडी (१२ ग्रॅम), मधल्या वेळी पेलाभर दूध (६), दुपारी घट्ट वरणाची वाटी (६) आणि ५० ग्रॅम पनीर (९), चार वाजता वाटीभर दही (५), रात्री मासळीचा ७५ ग्रॅमचा तुकडा (१४) आणि आणखी ५० ग्रॅम पनीर (९). बेरीज ६१. शाकाहारी घरात हा हिशेब अधिक अवघड आहे हे मान्य करून सोयाबीन वडी, टोफू किंवा डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर घ्यावी. नुसत्या वरण-भातावर तो जमत नाही.

पंगत, उपास, आग्रह

रुग्णांना सर्वाधिक थकवतो तो आग्रह. ‘एवढंसंच? बरं नाही का वाटत?’ ‘माझ्या हातचं म्हणून एक घास तरी.’ यात माया असते, म्हणूनच नाही म्हणणे जड जाते. गावकीतल्या हळदीला मटण-भाकरीची पंगत बसली की पानात चार चमचे घेऊन बसलेल्या माणसाकडे सगळ्यांचे लक्ष जाते. त्यात ‘ताटात टाकू नये’ हा लहानपणापासूनचा संस्कार. लग्नाच्या पंगतीत जबरीने वाढलेले दोन वडे टाकायचे की गिळायचे, या पेचात कितीतरी जणांनी गिळले आहेत आणि मांडवामागे जाऊन ओकले आहेत. याचे उत्तर घरच्यांनी द्यायला हवे. सासूने, मामीने, वहिनीने स्वतः ‘तिला मी वाढते’ म्हणून पान हातात घ्यावे. ताट न घेता लहान ताटली आणि एक वाटी घ्यावी, म्हणजे अन्न टाकण्याचा प्रश्नच उरत नाही.

उपासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. चिकट असल्याने ती अडकते, पोट भरते आणि पोषण देत नाही. चतुर्थी-एकादशी सोडवत नसेल तर दही, दूध, पनीर, राजगिरा, शेंगदाण्याची पातळ आमटी यांवर करावी. निर्जळी उपास करू नये. मुंब्रा-कौशाकडच्या रोजेदारांनीही पहिल्या वर्षात डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये. दारू या शस्त्रक्रियांनंतर लवकर आणि जास्त चढते. खाण्यातला आधार गेल्यावर तिकडे वळणारेही असतात, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे.

गोळ्या

वजन उतरले, तब्येत छान, मग गोळ्या कशाला, असे म्हणून दुसऱ्या वर्षी गोळ्या सोडणारे पुष्कळ असतात. ही चूक दिसायला वेळ लागतो आणि म्हणूनच ती घातक आहे. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम हे जन्मभर घ्यायचे आहे. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, शक्यतो सायट्रेट स्वरूपात, एकावेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नको. लोह त्यापासून किमान दोन तास लांब, आणि चहाबरोबर तर मुळीच नको. बी-१२ शाकाहारी कुटुंबांत आधीच कमी असते. ते गोळीने किंवा इंजेक्शनने भरावे लागते, नाहीतर हातापायांना मुंग्या येऊ लागतात. उलट्या सतत होत असतील तर थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) घसरून मेंदूवर परिणाम होऊ शकतो. तशा वेळी घरी वाट पाहत बसू नये.

बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी जोडापाशी अल्सर होतो. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून सहज उचललेली गोळी इथे चालत नाही. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन काही दिवसांतच कमी करावे लागू शकते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. शस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून मिळण्यासाठी, विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार, वय किमान १८ आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) किमान ४० किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ असावा लागतो. पण घरी आल्यानंतरचा खर्च पॉलिसीतल्या ठरावीक दिवसांपुरताच मिळतो. जन्मभराच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या घरखर्चातच धराव्यात.

शरीर आणि बाहेरचे जग

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मुठीने गळतात. बायका या टप्प्यावर सर्वांत जास्त खचतात. हे बहुधा तात्पुरते असते. प्रथिने आणि लोह नीट असेल तर केस परत येतात. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून अनेक सर्जन पहिले सहा महिने त्यासाठी औषध देतात. गर्भधारणा १२ ते १८ महिने टाळावी. वजन उतरताच पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून दुसरा उपाय आधीच ठरवावा.

चालणे ऑपरेशनच्या दिवसापासूनच सुरू होते. तलावपाळी, उपवन, कचराळी तलाव, नेरुळचा ज्वेल ऑफ नवी मुंबई इथे सकाळी सपाट वाट मिळते. पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर मात्र महिना-दीड महिना उचलायचा नाही. सैल पडलेल्या कातडीच्या घड्यांत पावसाळ्यात घामाने पुरळ येते. घडी कोरडी ठेवणे हाच मुख्य उपाय.

काही बदल किलोंत मोजता येत नाहीत. लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायचा रिवाज आहे. वर्षानुवर्षे ज्या बाईला ‘चौथी सीट’ कुणी दिली नाही, जी ठाण्याला लागूनच असलेल्या कळव्यापर्यंतसुद्धा उभी राहिली, तिला एक दिवस आतली बाई सरकून जागा देते. तो दिवस अनेकींना तारखेसह आठवतो.

वजन परत वाढणे

वजन साधारण दीड वर्षापर्यंत उतरते, मग स्थिरावते, आणि थोडे परत चढते. ते चढणे जास्त होते ते बहुधा सहज सरकणाऱ्या खाण्याने. लहान जठर भाकरी आणि चिकनला अडवते, पण चहात बुडवलेली खारी, चिवडा, फरसाण, आइस्क्रीम यांना अडवत नाही. ती दिवसभर थोडी थोडी उतरत राहतात आणि पोट भरल्याची जाणीवच होत नाही. दुपारी ऑफिसच्या टेबलावरचा फरसाणाचा डबा हे याचे नेहमीचे ठिकाण. रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात व पुढे दरवर्षी करावी, आणि त्याच भेटीत वजनाविषयीही बोलावे. तीन-चार किलो वाढल्यावर डाएटिशियनकडे गेलेला माणूस लवकर सावरतो. लाज वाटून दोन वर्षे न गेलेला पंधरा किलो घेऊन येतो, आणि त्यालाही त्या दाराशी तितक्याच आपुलकीने आत घ्यायला हवे.