मुंबईचा मतदार राहायला कुठे गेला?

मुंबईतला मराठी टक्का घसरतोय, ही हाकाटी दर महापालिका निवडणुकीला होते. आकड्यांचा आधार तिला आहे. शहर आणि उपनगर जिल्हे मिळून मराठी मातृभाषा सांगणारे २००१ च्या जनगणनेत ४५.२३ लाख होते, २०११ मध्ये ४४.०४ लाख. हिंदी सांगणारे याच काळात २५.८८ लाखांवरून ३५.९८ लाखांवर गेले. (भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी हे सगळं जनगणनेत हिंदीच्याच खात्यावर जमा होतं, हे ध्यानात ठेवावं.) पण पक्षाचं गणित नुसत्या टक्क्यावर बसत नाही. माणूस कोणत्या मतदारसंघाच्या यादीत आहे, हे त्याहून महत्त्वाचं.

१९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव रिकामं होत गेलं. लालबाग-परळमधली कुटुंबं डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली. मतदारसंघांच्या सीमा मात्र जागच्या जागीच राहिल्या. २००१ च्या लोकसंख्येवर आधारलेली पुनर्रचना २००८ मध्ये लागू झाली, तेव्हा साचलेला फरक एकदम बाहेर आला. राज्याच्या जागा २८८ च ठेवायच्या असल्याने एकीकडे वाढवायच्या तर दुसरीकडे कापाव्या लागल्या. मुंबई शहराच्या १७ जागांच्या १० झाल्या, उपनगरच्या १७ च्या २६, आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या तब्बल २४. गिरगाव-दादर सांभाळून मुंबई जिंकण्याचे दिवस तिथेच संपले.

शिवसेनेला बदलत्या वस्तीची चाहूल त्याआधीच लागली होती. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाचा सुरुवातीचा रोख दाक्षिणात्यांवर आणि कारकुनी नोकऱ्यांवर होता. ऐंशीच्या दशकात हिंदुत्व आलं आणि अमराठी हिंदू मतांकडे वाट उघडली. १९९३ मध्ये ‘दोपहर का सामना’ हे हिंदी दैनिक निघालं, त्याचे संपादक संजय निरुपम यांना राज्यसभेवर पाठवलं गेलं. २००३ मध्ये अमराठी मुंबईकरांनाही आपलंसं करणारी ‘मी मुंबईकर’ मोहीम आली. कागदावर ही चाल बिनचूक दिसते. पण पक्ष नव्या मतदाराकडे सरकला की त्याची जुनी जागा मोकळी होते आणि तिथे बसायला कोणी ना कोणी टपलेलं असतंच. २००६ मध्ये मनसे स्थापन झाली.

याची किंमत २००९ च्या लोकसभा निवडणुकीत ईशान्य मुंबईत दिसली. राष्ट्रवादीचे संजय पाटील शिवसेना-भाजप युतीचे उमेदवार, भाजपच्या किरीट सोमय्यांविरुद्ध तीन हजारांहून कमी मतांनी निवडून आले, आणि मनसेच्या उमेदवाराला सुमारे १ लाख ९५ हजार मतं पडली. उत्तर मुंबईत निरुपमच, आता काँग्रेसकडून, राम नाईकांना हरवून गेले. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेस आघाडीकडे गेल्या. मनसेचं प्रत्येक मत युतीचंच होतं असं मानणं चूक, पण इतक्या निसटत्या फरकाला त्यातला थोडासा हिस्साही पुरतो. सर्वाधिक मतं त्याची जागा, या पद्धतीत मोठा गट दुभंगला की छोटा पण एकसंध गट वरचढ ठरतो.

आता खालच्या पातळीवरचं काम. मतदार यादीत नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. भाषा किंवा जात नसते. मग कार्यकर्ते आडनावावरून अंदाज बांधतात आणि तिथेच फसतात. जोशी मराठी, गुजराती की कुमाऊंनी? देसाई कोकणातले की सुरतचे? घरोघरी फिरल्याशिवाय हे कळत नाही, आणि टॉवरमध्ये वॉचमन वर सोडत नाही.

दुसरी चूक म्हणजे लोकसंख्येला मतदार समजणं. जनगणनेत मुलंही मोजली जातात, आणि भाड्याच्या खोलीतल्या कामगाराचं नाव अनेकदा गावच्याच यादीत असतं, मग ते गाव जौनपूरचं असो की सिंधुदुर्गातलं. कायद्याने नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. नव्या नोंदणीला अर्ज क्रमांक ६, पत्ता बदलायला ८. वयाची १८ वर्षं ज्या तारखेला पूर्ण असावी लागतात, त्या पात्रतेच्या तारखा २०२२ पासून वर्षाला चार झाल्या आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. पक्षांच्या नोंदणी मोहिमा या तारखांच्या तोंडावर निघतात, त्या उगाच नव्हे. ज्या वस्तीत अर्ज भरले जात नाहीत, तिथली माणसं उमेदवाराच्या हिशेबात येतच नाहीत.

स्थलांतरितांना आहे तिथूनच गावचं मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगाने २०२२ च्या अखेरीस एक यंत्र पुढे आणलं. एकाच केंद्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान घेण्याची त्याची क्षमता होती. बहुतेक विरोधी पक्षांनी हरकत घेतली. दूरच्या शहरात प्रचार कोण करणार आणि मतदान प्रतिनिधी कुठून आणणार, हे त्यांचे प्रश्न रास्तच होते.

पुढची जनगणना २०२७ ची आहे, आणि जागांची संख्या बदलण्यावरची घटनात्मक बंदी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच आहे. पनवेल, वसई-विरार, कल्याणमधले इच्छुक आत्तापासूनच कुठला प्रभाग कुठे जाईल याचे नकाशे काढत बसले असतील, तर नवल नाही.