खान्देशात मुख्यालय उभारताना कर-सवलतीचा अर्ज कोणाकडे आणि कसा करावा

सप्टेंबर २०१७ मध्ये अॅमेझॉनने दुसऱ्या मुख्यालयासाठी जागा शोधत असल्याचे जाहीर केले आणि उत्तर अमेरिकेतून २३८ प्रस्ताव आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियातील आर्लिंग्टन यांची निवड झाली. न्यूयॉर्कने २५,००० नोकऱ्यांच्या बदल्यात सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या होत्या, परंतु स्थानिक विरोध वाढल्यावर कंपनीने फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथून माघार घेतली. तेथे शहर आणि राज्य कंपनीशी समोरासमोर बसून कराचा सौदा करू शकतात. आपल्याकडे तशी सोय बहुतांशी नाही, आणि हे लक्षात न घेता केलेला अर्ज कितीही मोठ्या गुंतवणुकीचा असला तरी टेबलावरच पडून राहतो.

जळगाव आणि धुळे या दोन्ही महानगरपालिका २००३ साली अस्तित्वात आल्या. त्यांचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार चालतो. या कायद्यात मालमत्ता कराचे दर पालिका दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत ठरवते आणि ते मालमत्तांच्या वर्गांना लागू होतात. एका मालकापुरता वेगळा दर ठरवण्याची तरतूद आयुक्तांच्या हाती नाही. सर्वसाधारण करातून सूट मिळते ती मुख्यत्वे केवळ सार्वजनिक उपासनेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींना. कंपनीचे मुख्यालय त्यात कोणत्याही अर्थाने बसत नाही. म्हणून ज्यांना दराबाबतच म्हणणे मांडायचे आहे त्यांनी ते संघटनेमार्फत, अंदाजपत्रकापूर्वी, म्हणजे जानेवारीअखेर लेखी द्यावे. एप्रिलमध्ये बिल हातात पडल्यावर दराबाबत दिलेल्या निवेदनाचा त्या वर्षापुरता उपयोग नसतो.

बिलातील दर मान्य आहे, पण करयोग्य मूल्य चुकीचे धरले आहे, अशी स्थिती असल्यास मार्ग वेगळा आहे (करयोग्य मूल्य म्हणजे ज्या रकमेवर कर आकारला जातो ती). मुख्यालयाच्या इमारतीत वाहनतळ, जिना, उपाहारगृह आणि मोकळे सज्जे कोणत्या वापराखाली मोजले आहेत हे आधी मोजणीपत्रकात तपासावे, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच असते. नोटिशीत दिलेल्या मुदतीत आयुक्तांकडे लेखी हरकत नोंदवावी आणि पोच घ्यावी. हरकतीच्या निकालाने समाधान न झाल्यास कलम ४०६ नुसार न्यायाधीशांकडे अपील करता येते. हे अपील १५ दिवसांत दाखल करावे लागते, आधी हरकत नोंदवलेली असणे आवश्यक असते आणि मागणीची रक्कम भरल्याखेरीज ते दाखल करून घेतले जात नाही. शेवटची अट अनेकांना जाचक वाटते, पण ती कायद्यातच असल्याने तिच्यावर वाद घालण्यात दिवस घालवू नयेत.

आता जे खरोखर मागता येते त्याकडे वळू. मोठी सवलत राज्य शासनाकडून मिळते, महानगरपालिकेकडून नाही. उद्योगांना सवलती देणारी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालत आली असून २०१९ ची योजना १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली आणि तिची मूळ मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत होती. तिच्यात तालुक्यांचे मागासलेपणानुसार गट पाडले होते. धुळे जिल्ह्याला विदर्भ, मराठवाडा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांच्यासोबत जादा लाभाच्या गटात स्थान होते, तर नंदुरबार हा केंद्राने आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेला, ठरवलेला जिल्हा आहे. जळगाव जिल्ह्यात मात्र तालुक्यानुसार लाभ बदलत होता, त्यामुळे जमीन घेण्यापूर्वीच चालू योजनेतील गट तपासलेला बरा. लाभांमध्ये राज्य वस्तू व सेवा करावर आधारित प्रोत्साहन अनुदान, मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्कातील सूट यांचा समावेश होता. ही योजना मुख्यतः उत्पादन करणाऱ्या घटकांसाठी होती. केवळ कार्यालय म्हणून बांधलेली इमारत तिच्यात एकटी पात्र ठरत नव्हती. मुख्यालय कारखान्याच्या आवारातच असेल तर प्रकल्प अहवालात त्याचा खर्च स्वतंत्र दाखवून, तो पात्र भांडवली गुंतवणुकीत किती धरला जाईल, हे अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्यावे. योजनांची मुदत आणि अटी बदलतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशी अमलात असलेला शासन निर्णय जवळ ठेवूनच अर्ज भरावा.

सूक्ष्म, लघु व मध्यम घटकांनी जिल्हा उद्योग केंद्रात, तर मोठ्या घटकांनी उद्योग संचालनालयाकडे अर्ज करावा. परवानग्यांसाठी मैत्री ही एक खिडकी यंत्रणा उपलब्ध आहे. अर्जासोबत कंपनी नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, वस्तू व सेवा कर नोंदणी, सूक्ष्म, लघु किंवा मध्यम घटक असल्यास उद्यम नोंदणी (अशा घटकांची केंद्राकडील नोंदणी), संचालक मंडळाचा ठराव आणि सही करणाऱ्याचे अधिकारपत्र जोडावे. जागेसाठी एमआयडीसीचे वाटपपत्र किंवा सातबारा उतारा व लागू असल्यास अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, आणि गुंतवणुकीसाठी सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते. २०१९ च्या योजनेत पर्यवेक्षकीय पदांवर किमान ५० टक्के आणि इतर पदांवर ८० टक्के स्थानिक व्यक्ती नेमण्याची अट होती, म्हणून हजेरीपट आणि अधिवास दाखले पहिल्या दिवसापासून नीट ठेवावेत. माझ्या मते कंपन्या सर्वांत जास्त दुर्लक्ष याच कागदांकडे करतात.

माहिती तंत्रज्ञान घटकांचा नियम थोडा वेगळा आहे. २०१५ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात अशा घटकांना निवासी दराने मालमत्ता कर आकारण्याची तरतूद होती. चालू धोरणातील तरतूद पाहून, उद्योग विभागाचे नोंदणी प्रमाणपत्र पालिकेच्या मालमत्ता कर विभागात सादर करून दर बदलून घ्यावा.

वाटाघाटीला खरी जागा आहे ती ग्रामपंचायतीत, आणि खान्देशात हे महत्त्वाचे आहे, कारण मोठे उद्योग शहराच्या हद्दीबाहेर, महामार्गालगतच्या गावांत वसतात. जैन इरिगेशनचे मुख्यालयही जळगावलगत बांभोरी येथेच आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२५ नुसार ग्रामपंचायत कारखान्याशी करार करून सर्व किंवा काही करांऐवजी ठोक रक्कम स्वीकारू शकते. त्यासाठी वरच्या स्तरावरील मान्यता लागते. कलमात शब्द कारखाना असा आहे, त्यामुळे नुसत्या कार्यालयासाठी हा दरवाजा उघडत नाही. अर्जात नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा) उतारा, कारखाना परवाना, मागील वर्षांच्या कर पावत्या आणि प्रस्तावित रक्कम कशी काढली याचे गणित द्यावे. ग्रामपंचायत त्यावर ठराव करते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्याशी तोंडी ठरलेल्या रकमेला ठराव आणि मान्यता होईपर्यंत काही किंमत नाही. पुढील निवडणुकीनंतर नवे सदस्य जुने बोलणे मान्य करतीलच असे नाही. एकमत झाले नाही तर प्रकरण वरिष्ठांकडे पाठवता येते आणि ते दोन्ही बाजूंचे ऐकून रक्कम ठरवतात. तो निर्णय कंपनीवर आणि ग्रामपंचायतीवर सारखाच बंधनकारक असतो.